मूत्रपिंडाचा कर्करोग व सहव्याधी

मूत्रपिंडाचा कर्करोग अनेकदा आधीच दुबळ्या झालेल्या मूत्रपिंडात होतो. उच्च रक्तदाब, स्थूलपणा व धूम्रपान हा कर्करोग व मूत्रपिंडाचा दुबळेपणा या दोन्हींना पोसतात. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांच्या मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी (सिस्ट) होतात; त्यांतून उद्भवणाऱ्या कर्करोगाला जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले. शस्त्रक्रियेत संपूर्ण मूत्रपिंड काढल्यास उरलेल्यावर भार पडतो, म्हणून लहान गाठ असल्यास शक्यतो तेवढाच भाग काढावा. काढलेल्या मूत्रपिंडातील गाठीबाहेरचा भागही तपासला पाहिजे. मधुमेहाने झालेली हानी तिथे दिसते, आणि हे पाहणे फार वेळा राहून जाते.

वऱ्हाडात मूत्रपिंडविकार म्हटले की पूर्णाखोऱ्यातील खाऱ्या पाण्याचा खारपाणपट्टा आठवतो. संत्र्यांचे वरूड मात्र वर्धा नदीच्या खोऱ्यात, त्या पट्ट्याबाहेर आहे. खाऱ्या पाण्याने मूत्रपिंडाचा कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. वरूडच्या रुग्णांना मोठ्या उपचारांसाठी अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. लघवीतून वेदनेविना रक्त गेले, तरी क्रिएटिनिनच्या रक्ततपासणीसोबत सोनोग्राफीही करून घ्यावी.