पोटातल्या चौदा इंजेक्शनांची कुळकथा

पेण-रोह्याकडे कुत्रा चावल्याची गोष्ट निघाली की घरातलं एखादं वडीलधारं माणूस ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ हमखास काढतं. ती इंजेक्शनं भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात लस दंडावर टोचतात आणि टोचणं जेमतेम जाणवतं. धास्ती मात्र जुनीच राहिली, आणि तिच्यापायी लोक आजही दवाखाना टाळतात.

या घराण्याचा मूळ पुरुष पॅरिसचा. लुई पाश्चर आणि एमिल रू यांनी रेबीज झालेल्या सशांचे मज्जारज्जू कोरड्या हवेत वाळवून रोगाची ताकद कमी केली. ही लस आधी टोचली गेली ती कुत्र्यांना. माणसाची पाळी नंतर आली: ६ जुलै १८८५ रोजी, अल्सासच्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरवर. तेरा टोचण्या झाल्या आणि पोरगा वाचला.

भारतात पहिली पाश्चर संस्था १९०० साली कसौलीला उघडली, दुसरी १९०७ मध्ये कुन्नूरला. कोकणातल्या माणसाला दोन्ही सारख्याच दूर. पुढे परळच्या हाफकिन संस्थेत लस मिळू लागली. पण खरा बदल घडवला तो कसौलीच्या डेव्हिड सेंपल यांनी. १९११ मध्ये त्यांनी प्राण्याच्या मेंदूत वाढवलेला विषाणू कार्बोलिक आम्लाने मारून लस बनवली. ती टिकायची, बाटलीतून पाठवता यायची. रोग्याने लसीकडे जाण्याऐवजी लस जिल्ह्याच्या गावी पोहोचू लागली, आणि त्यामुळे किती जीव वाचले असतील! तिची किंमतही तशीच होती. मात्रा मोठी, म्हणून जागा मोकळी हवी, म्हणून पोट. जखम गंभीर असेल तर रोज एक, चौदा दिवस. त्यातून मेंदूच्या ऊतींमुळे काही रोग्यांना लकवा व्हायचा. पेशींत वाढवलेल्या लशी आल्यावरही गरिबाच्या वाट्याला बरीच वर्षं हीच लस येत राहिली, हे मनाला लागतं.

दरम्यान लस पुन्हा कुत्र्याकडे वळली होती. जपानमध्ये उमेनो आणि दोई यांनी १९२१ च्या सुमारास कुत्र्यांना सरसकट टोचायला सुरुवात केली. हिशेब सरळ आहे: एखाद्या भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. शेजारच्या गोव्याने ते करून दाखवलं. मिशन रेबीज या संस्थेची माणसं आणि सरकारी पशुवैद्यक जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरले, शाळांत मुलांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं.

पेण-रोह्याच्या वाड्यांतला पाळीव कुत्रा क्वचितच साखळीला असतो. दिवसा अंगणात, रात्री शेताच्या बांधावर. कोल्ह्याशी, भटक्या कुत्र्याशी त्याची गाठ पडतेच. त्यामुळे ‘आमचा घरचाच आहे’ एवढ्याने भागत नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग पशुवैद्य सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. ते सोपं व्हावं म्हणून पिल्लाला लहानपणापासून अंगाला हात लावून घ्यायची सवय लावावी: रोज थोडा वेळ कान, पंजे, तोंड हाताळायचं आणि शांत राहिलं की लगेच खाऊ द्यायचा. मानेची कातडी हलकेच चिमटीत धरली तरी बिचकेनासं झालं, की दवाखान्यात त्याला चौघांनी दाबून धरावं लागत नाही. दाबून धरलेलं कुत्रं पुढच्या वर्षी पायरीवरूनच मागे फिरतं, आणि लस चुकते ती बहुधा तिथेच.

तरीही चावलंच, तर जखमेवर हळद, चुना, मिरची काही भरू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा, चावणारं पिल्लू आपलंच असलं तरी.