चार शिक्षकांचे पत्र

आमच्या लाखांदूर तालुक्याला लागूनच देसाईगंज. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. महिला संघटना रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

एलएलबीला गेलेले माझे विद्यार्थी विचारतात, "सर, गरिबांची वकिली करून घर चालेल का?" सोपे नाही. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकिलाला थोडेफार मानधन मिळते. सुरुवात तिथून करा. ते पत्र निकालानंतर वर्षभराने आले. आपल्या वस्तीतला वकील पहिल्याच दिवशी ठाण्यात पोहोचू शकतो.