घरच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण : ऑडिओ इंटरफेसची ओळख आणि वापर

दिवा हे मध्य रेल्वेचे जंक्शन. कल्याणकडे, वसईकडे आणि पनवेलकडे जाणारे मार्ग येथे एकत्र येतात. ठाणे ते दिवा दरम्यानची पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून रुळांची संख्याही वाढली आहे. या रुळांच्या दोन्ही बाजूंना इमारती आणि चाळींची दाटी झाली असली तरी दिवा, साबे, दातिवली, आगासन, बेतवडे ही मूळची आगरी वस्तीची गावे आहेत. आगरी लग्नात विधींबरोबर धवले गाणाऱ्या धवलारणी, एकादशीला रात्र जागवणारी भजनी मंडळे आणि नोकरीहून परतल्यावर पेटी-तबला घेऊन बसणारे हौशी गायक, हे सारे या उपनगरात आजही सापडतात. यातील बहुतेकांचे गाणे मात्र कोठेही नोंदलेले नाही. मोबाइलवर घेतलेल्या मुद्रणात टाळ कर्कश होतात, शब्द हरवतात आणि मागून लोकलचा भोंगा ऐकू येतो. व्यावसायिक स्टुडिओत जाणे प्रत्येकाला परवडत नाही; शिवाय ऐंशीच्या घरातील आजीला काचेच्या खोलीत बसवून धवले म्हणायला लावणे कठीणच. अशा वेळी स्टुडिओच घरी आणण्याचा मार्ग म्हणजे ‘ऑडिओ इंटरफेस’ हे हातात मावणारे उपकरण.

आवाज का जपायचा?

नाट्यसंगीताच्या इतिहासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) यांच्या गायनाचे मुद्रण आज उपलब्ध नाही. ‘संगीत स्वयंवर’च्या चाली आपण ऐकतो, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव या शिष्यांचे गाणे ऐकतो, खुद्द बुवांचा आवाज मात्र वर्णनांवरूनच कल्पावा लागतो. वास्तविक भारतात ध्वनिमुद्रणाची सुरुवात त्यांच्या हयातीतच झाली होती. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी कलावंताला कर्ण्यात तोंड घालून सुमारे तीन मिनिटांत गाणे संपवावे लागे. विजेवर चालणारा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला तो १९२५ च्या सुमारास. पुढे टेप, कॅसेट आणि संगणक आले आणि यंत्रांचा आकार लहान होत गेला. एवढ्या मोठ्या गायकाच्या बाबतीत जे घडले, ते आपल्या घरातील आवाजाच्या बाबतीत घडू नये, इतकेच या खटाटोपाचे प्रयोजन.

इंटरफेस म्हणजे काय?

मायक्रोफोनमधून येणारा विद्युतसंकेत अत्यंत क्षीण असतो. इंटरफेस तो प्रथम वाढवतो आणि नंतर त्याचे आकड्यांत रूपांतर करून यूएसबीच्या तारेने संगणकाकडे पाठवतो. उलट दिशेने, संगणकातील आवाज तो हेडफोनपर्यंत आणतो. साध्या इंटरफेसवर एक किंवा दोन मायक्रोफोन जोडता येतात. भजनी मंडळासाठी चार जोडण्या असलेले उपकरण सोयीचे पडते. प्रत्येक जोडणीचा आवाज स्वतंत्रपणे साठवला जातो हा याचा मोठा फायदा. पखवाज मोठा झाला, तर गाणे पुन्हा न घेता नंतर तेवढाच कमी करता येतो. अर्थात पखवाजाचा आवाज शेजारच्या मायक्रोफोनमध्येही थोडाफार शिरतोच, म्हणून मांडणीला महत्त्व.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, एक्सएलआर जातीच्या जोडण्या किती आहेत. दुसरी, ४८ व्होल्टची ‘फँटम पॉवर’ आहे का. कंडेन्सर मायक्रोफोनला ती लागते, डायनॅमिक मायक्रोफोनला लागत नाही. तिसरी, उपकरण केवळ यूएसबीच्या विजेवर चालते का. तसे असल्यास लॅपटॉपच्या बॅटरीवर सारा संच चालू शकतो आणि मध्येच वीज गेली तरी मुद्रण थांबत नाही. विंडोजच्या संगणकावर कंपनीचे ‘एएसआयओ’ ड्रायव्हर आधी बसवून घ्यावेत. मुद्रणासाठी ‘ऑडासिटी’सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे, मात्र चारही जोडण्या ते स्वतंत्रपणे टिपते आहे ना, हे आदल्या दिवशी तपासावे.

खोली आणि रेल्वे

रुळांलगतच्या घरात संपूर्ण शांतता मिळणे अशक्य. मध्यरात्रीनंतर लोकल थांबतात, पण लांब पल्ल्याच्या आणि मालगाड्या चालूच असतात. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या काळात निवासी भागातील मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्या वेळी पखवाज वाजवणे शेजाऱ्यांवर अन्याय करणारे ठरेल. म्हणून दुपारची वेळ निवडावी, रुळांच्या विरुद्ध बाजूची खोली घ्यावी आणि खिडक्या लावून घ्याव्यात.

रिकाम्या भिंतींवरून आवाज परततो आणि गाणे घुमल्यासारखे वाटते. गाद्या भिंतीला टेकवून उभ्या कराव्यात, दोरीवर गोधड्या टाकाव्यात, कपड्यांच्या कपाटाची दारे उघडी ठेवावीत. एक गोष्ट ध्यानात असू द्यावी : गोधडी खोलीतील घुमणे कमी करते, बाहेरची गाडी थांबवत नाही. गाडीवरचा खरा उपाय म्हणजे मायक्रोफोन गायकाच्या जवळ नेणे. अंतर निम्मे केले की गायकाचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि बाहेरचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. याच कारणासाठी दिव्यासारख्या ठिकाणी अतिसंवेदनशील कंडेन्सरपेक्षा समोरचाच आवाज प्रामुख्याने घेणारा डायनॅमिक मायक्रोफोन अधिक उपयोगी ठरतो.

पंखा बंद ठेवावा. सतत गुणगुण ऐकू आल्यास ती बहुधा ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची असते. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून दूर ठेवावेत.

कोणी कोठे बसावे?

गायकासमोर वीतभर अंतरावर, तोंडाच्या रेषेपासून किंचित बाजूला मायक्रोफोन ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांचा फुत्कार थेट आदळत नाही. पेटीसाठी तो भात्यापासून दूर, श्रोत्यांच्या बाजूने फूटभर अंतरावर असावा. तबल्यासाठी दोन्ही वाद्यांच्या मध्ये, वरून फूट-दीड फुटावर एक मायक्रोफोन पुरतो. पखवाजाची दोन तोंडे परस्परविरुद्ध दिशांना असल्याने, शक्य असल्यास दोन द्यावेत. टाळांना वेगळा मायक्रोफोन देऊ नये. टाळकऱ्यांना सर्वांत मागे बसवावे. त्यांचा आवाज इतरांच्या मायक्रोफोनमधून पुरेसा येतो.

दोन मायक्रोफोनमधील अंतर हे मायक्रोफोन आणि वाद्य यांच्या अंतराच्या निदान तिप्पट असावे, असा संकेत आहे. तो न पाळल्यास एकच आवाज दोन ठिकाणी किंचित मागेपुढे पोहोचतो आणि एकत्र ऐकताना पोकळ वाटतो.

आवाजाची पातळी

बहुतेक मुद्रणे बिघडतात ती येथेच. सुरुवातीला गायक संथ लयीत, हलक्या आवाजात गातो. त्यानुसार ‘गेन’चे बटण वाढवले जाते आणि गजर टिपेला पोहोचला की आवाज फाटतो. डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबलची मर्यादा ओलांडली की फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. म्हणून चाचणी घेताना मंडळाला सर्वांत जोराचा भाग म्हणायला सांगावे आणि सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी. मुद्रण २४ बिटमध्ये केल्यास पातळी कमी राहिली तरी नंतर ती निर्धोकपणे वाढवता येते.

वारंवारिता ४८ किलोहर्ट्झ ठेवावी. या हिशेबाने एका जोडणीचे तासाभराचे मुद्रण सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेते. चार जोडण्यांना दोन गिगाबाइटहून थोडी अधिक लागते.

हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा ऐकू येणे, अर्थात ‘लेटन्सी’, ही नवख्यांची नेहमीची तक्रार. आवाज संगणकात जाऊन परत येईपर्यंत १० मिलिसेकंद लागले, तर तो सुमारे ११ फुटांवरून ऐकू यावा तसे होते. लयीचा अंदाज चुकायला याहून थोडा अधिक उशीर पुरतो. त्यावर उपाय दोन : इंटरफेसवरील ‘डायरेक्ट मॉनिटर’ चालू करणे, किंवा सॉफ्टवेअरमधील ‘बफर’ १२८ पर्यंत खाली आणणे. सारे एकाच खोलीत बसून गाणार असतील तर गायकाला हेडफोनची गरजच नसते. तो मुद्रण करणाऱ्याने लावावा आणि डोळे पडद्यावर ठेवावेत.

मुद्रणानंतर

मूळ फाइल ‘वेव्ह’ स्वरूपातच जपावी. ‘एमपीथ्री’ केवळ नातेवाइकांना पाठवण्यासाठी. फाइलच्या नावात तारीख, गाव, गाणाऱ्याचे नाव आणि गीताचा प्रकार लिहावा. तीन प्रती कराव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी. धवल्यांच्या बाबतीत कोणता विधी चालू असताना कोणते गीत म्हणतात, हे धवलारणीच्याच तोंडून आरंभी बोलून घ्यावे. शब्द पुढे कोणी लिहून काढील, पण हा संदर्भ तिच्यानंतर सांगणारा कोणी उरेलच असे नाही.

कायद्याचाही विचार हवा. संतांचे अभंग सर्वांचे आहेत, परंतु अलीकडच्या संगीतकाराने बांधलेल्या चालीवर त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही आपल्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क आहे. तेव्हा मुद्रण इंटरनेटवर टाकण्यापूर्वी सर्वांची लेखी संमती घ्यावी. घरची आजी असली तरी तिला विचारावे. काही गीते केवळ मांडवातच म्हणायची असतात, असे ती सांगू शकेल आणि तिच्या शब्दाचा मान राखला पाहिजे.

शेवटी, पहिलेच मुद्रण निर्दोष व्हावे असा हट्ट धरू नये. दोन कडव्यांच्या मध्ये गाडीचा भोंगा आला, तर क्षणभर थांबून तेच कडवे पुन्हा घ्यावे. आणि एवढे करूनही मागे कोठे दिव्याची लोकल ऐकू आलीच, तर त्यासाठी मुद्रण पुसून टाकू नये. आणखी काही वर्षांनी ऐकणाऱ्याला हे गाणे कोणत्या घरात गायले गेले, याची तीच खूण असेल.