पियुषिकेच्या इंजेक्शनची कुळकथा

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि केतूर, कुगावसारख्या काठच्या गावांत मासेमारीवर अनेक घरं चालू लागली. जलाशयात सोडली जाणारी कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली मात्र बीज केंद्रांतून येते. हे मासे तळ्याच्या साचल्या पाण्यात वाढतात, गाभोळीने भरतात, पण अंडी सोडत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. म्हणून पूर्वी बीज नदीतूनच गोळा करावं लागे.

ही अडचण मेंदूखालच्या इवल्या पियुषिका ग्रंथीने सोडवली. १९३०च्या सुमारास अर्जेंटिनात बर्नार्दो हुसाय यांनी एका माशाच्या पियुषिकेचा अर्क दुसऱ्याला टोचून पाहिला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरींनी त्याच वाटेने भारतीय कार्प माशांकडून अंडी घेतली. आज तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे.

अर्कात अंडाशयाला चेतवणारी संप्रेरकं असतात. बाईच्या पियुषिकेत त्यांचीच भावंडं आहेत: एफएसएच आणि एलएच. त्यांच्यावर ताबा अंडाशयातल्या इस्ट्रोजेनचा. अंडाशयाची संप्रेरकं पियुषिकेला आवरतात, हे मूर आणि प्राइस या संशोधकांनी १९३२ साली मांडलं. पण १९३४ साली होल्वेग यांना उंदरांत याच्या उलट घडताना दिसलं. बाईतही महिन्यातून एकदा तसंच होतं. पिकलेल्या बीजपुटकातलं इस्ट्रोजेन भरपूर वाढून सुमारे दोन दिवस टिकलं, की तेच एलएचचा लोट आणतं आणि साधारण दीड दिवसात स्त्रीबीज बाहेर पडतं. तळ्यातल्या मादीत असा लोट येत नाही. इंजेक्शन ती उणीव भरून काढतं.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन ओसरतं. आवरणारं कोणी न उरल्याने एफएसएच, एलएच वाढतात आणि लघवीतही उतरतात. म्हणूनच १९४९ साली इटलीत पिएरो दोनिनी यांना अशा स्त्रियांच्या लघवीतून ती वेगळी काढता आली. त्यांपासून केलेल्या औषधाने १९६२ साली इस्रायलमध्ये पहिलं बाळ जन्मलं. बीज केंद्रांतही आता ग्रंथीच्या अर्काऐवजी कृत्रिम संप्रेरक वापरतात. मुंबईच्या हेमो फार्माने आणलेलं ओव्हाटाइड त्यातलंच. ते माशाच्या स्वतःच्या पियुषिकेकडूनच काम करून घेतं.

गर्भपिशवी काढायचा सल्ला मिळालेल्या बाईने यातून एक गोष्ट धरून ठेवावी: इस्ट्रोजेन येतं ते अंडाशयातून. पिशवीबरोबर तरुण वयात दोन्ही अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन एकाएकी घटतं आणि हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. अंडाशयं राहणार आहेत ना, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारावं.