केकावलीचा मोर आणि दादोबा

सुरतेत १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने मानवधर्मसभा उभी करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर येथील इंग्रजी शाळेत अध्यापक होते. पुढे १८६५ मध्ये मोरोपंतांच्या ‘केकावली’वर त्यांनी ‘यशोदा-पांडुरंगी’ ही टीका प्रसिद्ध केली. नावात आईवडिलांचे स्मरण आहे.

केका म्हणजे मोराचा टाहो. उतारवयात पंतांनी लिहिलेल्या या काव्यातला मोर एकटा आहे. हाक मारायला त्याला मेघावाचून कोणी नाही. मयूर हा पक्षी आणि मयूर हीच कवीची नाममुद्रा, हा श्लेष. हरी हा दयेचे अमृत वर्षणारा मेघ, हे रूपक. विद्यार्थी बहुधा एवढे लिहून थांबतो. परंतु श्लेष येथे अलंकार म्हणून अंगावर घातलेला नाही. त्याच्याच आधारे पंतांना स्वतःच्या व्याकुळतेविषयी संकोच न बाळगता बोलता येते. यमकांच्या हव्यासाबद्दल पंतांना बोल लावतात, आणि आर्यांच्या बाबतीत तो पुष्कळसा रास्तही आहे. येथे मात्र त्यांनी आर्या सोडून पृथ्वी वृत्त घेतले: चरणात अक्षरे १७, आठव्यावर यती. त्या थांब्याशी आर्त स्वर क्षणभर अडतो आणि पुन्हा उसळतो. मोठ्याने वाचल्यास हे कानाला कळते.