के-१३ : एका नकलेची शिकवणी

साहित्य संस्थेच्या व्यासपीठावरून क्षेपणास्त्राविषयी बोलायचे म्हणजे थोडे धाडसच. पण शेक्सपिअरला मराठी पागोटे घालून रंगभूमीवर उभे करणाऱ्यांचे आपण वारस. नक्कल कोठे संपते आणि शिक्षण कोठे सुरू होते, हा प्रश्न आपल्याला परका नाही. सोव्हिएत ‘के-१३’ची कथा त्याच प्रश्नाची आहे.

२४ सप्टेंबर १९५८ रोजी तैवानच्या सेबर विमानांनी चीनच्या मिग-१७ विमानांवर अमेरिकी ‘साइडवाइंडर’ सोडली. विमानाने विमानावर सोडलेल्या मार्गदर्शित क्षेपणास्त्राचे युद्धातले ते पहिले यश. त्या दिवसांतल्या चकमकींत न फुटलेले एक अस्त्र चीनच्या हाती लागले आणि तेथून सोव्हिएत अभियंत्यांच्या टेबलावर आले.

या अभियंत्यांपाशी स्वतःचे के-५ होते. वैमानिकाने रडारचा झोत लक्ष्यावर धरून ठेवायचा आणि अस्त्राने त्या झोतातून पुढे जायचे. संथ बॉम्बफेकी विमानापुढे हे निभावले असते. गिरक्या घेणाऱ्या लढाऊ विमानापुढे अवघडच. समोर आलेली अमेरिकी वस्तू मात्र चकित करण्याइतकी साधी होती. जाडी १२७ मिलिमीटर, लांबी सुमारे २.८ मीटर. नाकाशी शत्रूच्या इंजिनाची उष्णता टिपणारा संवेदक. मागच्या पंखांच्या कडेला दातेरी चकत्या. वाऱ्याने त्या भोवऱ्यासारख्या गरगरत आणि अस्त्र स्वतःभोवती फिरू लागले की तेच गरगरणे त्याला आवरून धरी. या कामासाठी ना मोटर, ना वीज! डोके, स्फोटक, इंजिन हे भाग सुटे करून जोडता येत. अमेरिकेत विल्यम मॅक्लीन यांच्या चमूने केलेले हे काम उलगडताना रशियन अभियंते जे शिकले, त्याला त्यांच्यातल्याच गेन्नादी सोकोलोव्स्की यांनी पुढे विद्यापीठाची उपमा दिली. माझ्या मते ती अतिशयोक्ती नव्हे.

१९६० साली के-१३ सोव्हिएत सेवेत आले. पाठोपाठ रडारच्या परावर्तित लहरींवर चालणारे भावंड आले, नंतर थंड केलेल्या संवेदकाची सुधारित आवृत्ती. चीननेही याच सोव्हिएत आवृत्तीवरून आपले अस्त्र घडवले. म्हणजे मूळ वस्तू ज्यांनी पुरवली, त्यांच्याच घरी तिची नक्कल परतली.

पण इमानी नक्कल दोषही उचलते. सुरुवातीच्या के-१३ला शत्रूची पाठच दिसे, सूर्य भुलवी, तीव्र वळण झेपत नसे. याची किंमत वैमानिकांना मोजावी लागली. ४ सप्टेंबर १९६५ रोजी विंग कमांडर वॉलेन यांनी आपल्या मिग-२१ मधून पाकिस्तानी सेबरवर दोन के-१३ सोडली, दोन्ही चुकली. १९७१च्या युद्धात आपल्या मिगच्या पोटाखाली तोफेची पेटी बसवलेली होती, आणि १२ डिसेंबरला कच्छच्या आखातावर पाकिस्तानी स्टारफायटर पडले ते त्या तोफेने.

विद्यार्थी मात्र वर्गात बसून राहिले नव्हते. सत्तरच्या दशकात त्यांनी आर-६० हे चिमुकले अस्त्र केले, ऐंशीच्या दशकात आर-७३. वैमानिकाने शिरस्त्राणातून नुसते पाहायचे आणि अस्त्राची नजर तिकडे वळायची. १९९० मध्ये जर्मनी एक झाला, पूर्वेची मिग-२९ विमाने आर-७३सह पश्चिमेच्या हाती आली आणि त्यांच्याशी सराव-लढती खेळताना पाश्चात्त्य वैमानिकांचे डोळे उघडले. मग जर्मनांनी ‘आयरिस-टी’ची आखणी हाती घेतली आणि अमेरिकेने नव्या साइडवाइंडरची.