पोस्टाच्या पेटीपुढची वाट

६५ वर्षांचा एक निवृत्त माणूस पत्र टाकायला घराबाहेर पडतो आणि पोस्टाच्या पेटीपाशी न थांबता चालतच राहतो. रेचल जॉइस यांच्या 'द अनलाइकली पिल्ग्रिमेज ऑफ हॅरॉल्ड फ्राय' या २०१२ सालच्या इंग्रजी कादंबरीची ही सुरुवात. बिअरच्या कारखान्यातली हॅरॉल्डची जुनी सहकारी क्वीनी कर्करोगाने मरणपंथाला लागली आहे. आपण चालत आहोत तोवर ती जगेल, ही त्याची भाबडी श्रद्धा. दक्षिण इंग्लंडच्या किंग्जब्रिजहून स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या बेरिकपर्यंतचे सहाशेहून अधिक मैल तो ८७ दिवसांत पार करतो.

गोष्ट नवी असली, तरी वाट फार जुनी आहे. ११७० मध्ये कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये आर्चबिशप टॉमस बेकेट यांचा खून झाला आणि त्यांची समाधी इंग्लंडचं मोठं तीर्थस्थान बनली. आजार बरा व्हावा, पाप धुतलं जावं, नवस फिटावा, म्हणून लोक तिथे पायी जात. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या हुकमाने ती समाधी उद्ध्वस्त झाली. यात्रांची प्रथाही मोडीत निघाली. पुढे १६७८ मध्ये जॉन बन्यनच्या 'द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'मध्ये यात्रेकरू परतला, पण रूपकाच्या वेषात. वाट आता मनातली झाली होती. जॉइस यांनी कादंबरीच्या आरंभी बन्यनच्याच ओळी दिल्या आहेत.

हॅरॉल्ड निघाला आहे तो समाधीकडे नव्हे, तर हॉस्पिसकडे. मध्ययुगात हॉस्पिस म्हणजे वाटसरूंची, यात्रेकरूंची धर्मशाळा. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारलं आणि अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या सेवेसाठी हा शब्द जगभर रूढ झाला. मरणाऱ्याची वेदना केवळ शरीराची नसते, ती मनाची, नात्यांची, श्रद्धेचीही असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवलं.

हॅरॉल्डची वेदनाही तशीच आहे. वीस वर्षांपूर्वी त्याच्या एकुलत्या मुलाने, डेव्हिडने, आत्महत्या केली. त्याची बायको मॉरीन अजूनही मनोमन मुलाशी बोलते. नवऱ्याशी मात्र बोलणं जवळजवळ तुटलेलं. जुन्या यात्रेकरूला पापाची कबुली ऐकणारा पाद्री होता, ठरलेली वाट होती, सोबत होती. हॅरॉल्डजवळ यातलं काहीच नाही. वाटेत सोबती जमतात, वर्तमानपत्रांत बातम्या झळकतात. पण ती गर्दी त्याला मागे टाकून निघून जाते. अखेर मुलाच्या मृत्यूची हकीकत तो एका जवळजवळ अनोळखी मुलीला पत्रातून कळवतो.

ही कथा आधी रेडिओसाठी लिहिली गेली. जॉइस यांचे वडील कर्करोगाने आजारी होते. त्यांच्यासाठी त्यांनी नभोनाट्य लिहायला घेतलं. २००६ मध्ये बीबीसीवर ते प्रसारित झालं, पण वडील ते ऐकायला राहिले नव्हते.

म्हणूनच कादंबरी खोटा दिलासा देत नाही. हॅरॉल्ड पोचतो, तरी क्वीनी वाचत नाही. नवस म्हणून पाहिलं तर यात्रा फसली. पण जे दुःख नवरा-बायकोने वीस वर्षं वेगवेगळं सोसलं, ते आता दोघांचं होतं. बेरिकच्या समुद्रकाठी ती दोघं जुन्या आठवणीने एकत्र हसतात. एवढ्यासाठी सहाशे मैल फार नव्हेत.